लाल टिकलीपासून फीच्या पावतीपर्यंत

चित्रांच्या प्रदर्शनात काही चित्रांखाली एक छोटी लाल टिकली चिकटवलेली दिसते. चित्र विकलं गेलं, अशी ती खूण. ‘गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी’ असा फलक लावून प्रदर्शन भरलेलं असेल, तर ही टिकली पाहून बरं वाटतं. चित्रकाराने चित्र दिलं, कुणीतरी ते घेतलं, आता खेड्यातून सोलापूरला शिकायला आलेल्या एखाद्या मुलीच्या वसतिगृहाची फी भरली जाईल. पण वसतिगृहाच्या खिडकीत कॅनव्हास सरकवला तर कारकून तो घेणार नाही. मेसच्या मावशींना जलरंगातलं सिद्धेश्वर तलावाचं दृश्य देऊन महिन्याचा डबा सुरू होत नाही. मग चित्राची फी होते कशी? कुणाकुणाच्या हातून जाते? आणि वाटेत किती गळते?

मूठभर धान्य, हातभर कॅनव्हास

पहिली शंका अशी येते, की चित्रकार सरळ पैसेच का देत नाहीत. याचं उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात आहे. कर्मवीरांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी घरोघरच्या बायका धान्याची एकेक मूठ बाजूला काढून ठेवत. त्यांच्या हातात पैसा नव्हता, पण जात्यापाशी धान्य होतं.

चित्रकाराचंही तसंच असतं. एका मध्यम आकाराच्या चित्राला कॅनव्हास, रंग आणि चौकट धरून समजा चार हजार रुपये खर्च आला आणि बाजारात त्याचे चाळीस हजार मिळतात. हे चाळीस हजार रोख देणं बहुतेक चित्रकारांना परवडत नाही. चित्र मात्र तो देऊ शकतो, कारण त्यातला मोठा भाग त्याचा वेळ आणि हात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढतात. पदराची एकेक घडी बारीक रेघांनी भरत न्यायची, तर कागद-पेन्सिलींचा खर्च थोडा आणि दिवस मात्र पुष्कळ लागतात. असं चित्र कुणी दान केलं, तर ते त्या दिवसांचंच दान असतं.

फरक एवढाच, की धान्याची मूठ त्याच संध्याकाळी शिजते. चित्र शिजत नाही, त्याला आधी गिऱ्हाईक लागतं. पुढची सगळी यंत्रणा उभी राहते ती या एका अडचणीपायी.

पंढरपूरचा चित्रकार आणि ऑस्लोचे डॉक्टर

या यंत्रणेचं अलीकडचं एक मोठं उदाहरण सोलापूर जिल्ह्याशी जोडलेलं आहे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म 1915 चा, पंढरपूरचा. आई लहानपणीच गेली, कुटुंब इंदूरला गेलं, आणि तरुणपणी मुंबईत आल्यावर त्यांनी पोटासाठी सिनेमाचे फलक रंगवले. त्या कामाचा मोबदला चौरस फुटावर मिळे, तोही काही आणे.

1954 मध्ये त्यांनी ‘ग्रामयात्रा’ हे जवळजवळ चौदा फूट लांबीचं तैलचित्र रंगवलं. त्यात तेरा चौकटी आहेत आणि प्रत्येकीत खेड्यातलं काही ना काही घडतंय. कुठे बायका कामात आहेत, कुठे मूल आहे, कुठे बैलगाडी. एका चौकटीतल्या शेतकऱ्याचा हात चौकट ओलांडून शेजारच्या चौकटीतल्या शेतापर्यंत पोचतो. चित्रभर इतक्या चौकटी आहेत, पण त्या मोडून बाहेर जाणारा हात शेतकऱ्याचा आहे. छापील प्रतिमा मिळाली तर तो हात जरूर शोधा.

त्याच सुमाराला लिओन एलियास व्होलोदार्स्की नावाचे नॉर्वेतले शल्यविशारद दिल्लीत होते. जागतिक आरोग्य संघटनेतर्फे ते छातीच्या शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण केंद्र उभारत होते. त्यांनी हे चित्र विकत घेतलं आणि नॉर्वेला नेलं. पुढे, 1964 मध्ये, ते ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला मिळालं आणि तिथल्या भिंतीवर अनेक दशकं राहिलं. 19 मार्च 2025 रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने ते विक्रीला काढलं. अंदाज होता 25 ते 35 लाख डॉलरचा. शुल्कासह किंमत आली 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलर, म्हणजे सुमारे 118 कोटी रुपये. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत कधीच मिळाली नव्हती. आणि रुग्णालयाने हे पैसे ठरवले ते तरुण डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी.

हे चित्र हुसेन यांनी दान केलेलं नव्हतं, ते विकत घेणाऱ्याने दिलं, हे खरं. पण चित्राचं शिक्षण कसं होतं, त्याचे सगळे टप्पे इथे ठळक दिसतात: देणारा, सांभाळणारा, विकणारा, घेणारा आणि शेवटी शिकणारा. देणं आणि शिकणं यांच्यात इथे साठ वर्षं गेली. सोलापुरातल्या मुलीला मात्र फी जूनमध्ये भरायची असते.

किंमत येते कुठून

नव्या चित्रकाराच्या चित्राची किंमत बऱ्याचदा अगदी साध्या हिशेबाने ठरते: लांबी गुणिले रुंदी गुणिले दर. समजा 24 बाय 36 इंचाचं चित्र आहे, म्हणजे 864 चौरस इंच. दर पन्नास रुपये धरला तर 43,200 रुपये झाले. दर ठरतो तो आधीची चित्रं कितीला गेली यावरून. माध्यमानेही फरक पडतो. कॅनव्हासवरचं तैलचित्र सहसा कागदावरच्या जलरंगापेक्षा महाग जातं, कारण ते जास्त टिकतं असं घेणारा मानतो.

म्हणून चित्राची किंमत ही चित्रकाराची पत असते. आज पन्नासच्या दराने विकणाऱ्याने उद्या वीसने विकलं, तर ज्याने आधी पन्नासने घेतलं त्याला फसल्यासारखं वाटतं. मदतीच्या प्रदर्शनात नेमकं हेच घडतं. ‘चांगल्या कामासाठी आहे ना, मग जरा कमी करा’ म्हणत लोक घासाघीस करतात, आणि आयोजकही भिंत रिकामी व्हावी म्हणून मान डोलावतात. माझ्या मते ही चूक आहे. चित्रकाराने चित्र तर दिलंच, वर त्याचा दरही पडला. अशा वेळी चित्र न विकता परत करणं जास्त सन्मानाचं.

सौद्यातला दुसरा माणूस

प्रदर्शनाऐवजी लिलाव केला तर किंमत वाढते, असं म्हणतात. कधी वाढते आणि कधी नाही, हे समजायला सोलापूरच्या बाजार समितीतला कांद्याचा सौदा आठवावा. ढिगाभोवती दहा माणसं उभी असतात, पण भाव ठरवतात दोघंच.

समजा एका चित्रासाठी तिघं आले. कापडवाले साठ हजारांपर्यंत जायला तयार आहेत, डॉक्टर पंच्याऐंशीपर्यंत, आणि बांधकाम व्यावसायिक दोन लाखांपर्यंत. बोली चढत जाईल, साठला कापडवाले थांबतील, पंच्याऐंशीला डॉक्टर, आणि चित्र नव्वद हजारांच्या आसपास तिसऱ्याला जाईल. त्याच्या मनात दोन लाख होते, पण संस्थेला मिळाले नव्वद हजार. किंमत ठरवली ती हरलेल्या डॉक्टरांनी. आता एक लाख ऐंशी हजारांपर्यंत जाणारा आणखी एक माणूस त्या खोलीत असता, तर तेच चित्र दुपटीला गेलं असतं.

लिलावाचं सगळं कसब यात आहे. एका श्रीमंत पाहुण्याला मानाने पुढच्या रांगेत बसवून भागत नाही, त्याच्या तोडीचा दुसरा लागतो. ‘ग्रामयात्रा’ वरच्या अंदाजाच्याही जवळजवळ चौपटीला गेलं, ते किमान दोन जण शेवटपर्यंत मागे हटले नाहीत म्हणून. दुसरा मिळण्याची खात्री नसेल तर राखीव किंमत ठरवतात. बोली त्याखाली राहिली की चित्र विकायचं नाही.

वाटेत काय गळतं

शेतमालाची आडत जशी, तसं चित्रांचं कमिशन. खासगी कलादालनं सर्वसाधारणपणे विक्रीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत रक्कम घेतात. लिलावसंस्था घेणाऱ्याकडून बोलीवर वेगळं शुल्क लावतात. महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्यावरची आडत 2016 पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तसाच हा प्रकार. शिवाय जीएसटी आहे. चित्रांवर तो 12 टक्के होता, सप्टेंबर 2025 मध्ये 5 टक्क्यांवर आला. मदतीच्या विक्रीत दालनाने कमिशन सोडलं, सभागृह फुकट मिळालं, चौकटी करणाऱ्याने मजुरी माफ केली, तर ते सगळे दानात सहभागी असतात. त्यांची नावं निमंत्रणपत्रिकेवर कोपऱ्यात छापतात. ती चित्रकाराच्या शेजारी यायला हवीत.

आता कराची गोष्ट, कारण इथे गैरसमज फार आहेत. दानावर मिळणाऱ्या आयकर सवलतीला लोक ‘80जी’ म्हणून ओळखतात. ही सवलत पैशाच्या दानाला आहे, वस्तूच्या दानाला नाही. (पैसाही दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिला तर नाही.) म्हणजे चाळीस हजारांचं चित्र देणाऱ्या चित्रकाराला त्यावर एक रुपयाचीही वजावट मागता येत नाही. अमेरिकेत 1969 च्या कायद्यापासून चित्रकाराला स्वतःचं चित्र दिल्यावर फक्त रंग-कॅनव्हासच्या खर्चाएवढी वजावट मिळते, तर तेच चित्र विकत घेऊन वर्षभराहून जास्त काळ सांभाळलेल्या संग्राहकाने संग्रहालयाला दिलं तर बाजारभावाने. निर्माण करणाऱ्याच्या श्रमाचा हिशेब तिथेही शून्यच धरला आहे. म्हणूनच ‘कर वाचवायला देत असतील’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे जरूर सांगावं. आपल्याकडे चित्रकार देतो तेव्हा ते निखळ देणं असतं.

एक चित्र, हजार कार्डं

मूळ चित्र एकदाच विकता येतं. त्याची छापील रूपं मात्र पुन्हा पुन्हा विकता येतात. युनिसेफच्या शुभेच्छापत्रांची सुरुवात अशीच झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल आभार मानायला चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने एक चित्र पाठवलं. कागद नव्हता, म्हणून ते तिने काचेवर काढलं होतं. 1949 मध्ये युनिसेफने त्याचं कार्ड छापलं. पुढे पिकासो, मातीस, शगाल यांच्यासारख्यांची चित्रं या कार्डांवर आली आणि मुलांसाठी पैसा उभा राहिला.

आपल्याकडे मुंबईत 1979 मध्ये विमानसेवेत नोकरी करणाऱ्या रिपन कपूर यांनी मित्रांसह पन्नास रुपयांच्या भांडवलावर मुलांसाठी ‘क्राय’ ही संस्था सुरू केली. तिची शुभेच्छापत्रं एके काळी मध्यमवर्गीय घरांत हमखास दिसत. लाखाचं चित्र घेऊ न शकणारा माणूसही दहा कार्डं घेऊ शकत होता, ही त्यातली खरी युक्ती.

इथे कायद्याचा एक बारकावा आहे. सोलापुरी चादर विकत घेतली की चादर आपली होते, पण जकार्डच्या मागावर ती नक्षी विणून विकायचा हक्क आपल्याकडे येत नाही. चित्राचंही तसंच. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र हातात येणं आणि चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो हक्क चित्रकाराकडे, आणि त्याच्या पश्चात 60 वर्षं त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणून संस्थेला चित्र मिळालं तरी दिनदर्शिका छापण्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागते.

न विकलेलं चित्र

आतापर्यंत विक्रीचंच बोललो. पण चित्र न विकताही कामाला येतं, हे अठराव्या शतकातल्या लंडनने दाखवलं. टाकून दिलेल्या मुलांसाठी 1739 मध्ये तिथे फाउंडलिंग हॉस्पिटल नावाचा आश्रम स्थापन झाला. मुलांना वाढवायचं, शिकवायचं आणि धंद्याच्या उमेदवारीला लावून द्यायचं, असं त्याचं काम. चित्रकार विल्यम हॉगार्थने आश्रमाला चित्रं दिली, इतर चित्रकारांनाही द्यायला लावली. ती भिंतींवर टांगली गेली. चित्रं पाहायला शहरातले पैसेवाले येऊ लागले आणि येता येता मुलांना पाहू लागले. देणग्या वाढण्याची ती वाट होती.

हॉगार्थची एक क्लृप्ती तर भारीच होती. 1750 मध्ये त्याने आपल्या एका मोठ्या चित्राची सोडत काढली. 1,843 तिकिटं खपली आणि उरलेली 167 त्याने आश्रमाला देऊन टाकली. सोडत निघाली ती आश्रमाच्याच तिकिटावर. ते चित्र आजही लंडनच्या फाउंडलिंग संग्रहालयात आहे.

आपल्या शाळा-महाविद्यालयांनी हे ध्यानात घ्यावं. दान आलेलं चांगलं चित्र मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटामागे उभं करून ठेवण्यापेक्षा मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावा. सोलापूरच्या उन्हात जलरंग लवकर फिके पडतात, तेव्हा खिडकीसमोरची भिंत तेवढी टाळा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या किती मुलांनी छापील नसलेलं, खऱ्या रंगाचं चित्र हाताच्या अंतरावरून पाहिलेलं असतं? त्यांच्यासाठी ते चित्र हेच शिक्षण आहे.

बियाण्याची ज्वारी

समजा दहा चित्रकारांच्या चित्रांतून दहा लाख रुपये आले. पुढे काय करायचं, यावर संस्थांची गाडी बहुधा अडते. पहिला मोह म्हणजे समारंभ करून शंभर मुलांना दहा-दहा हजार वाटून टाकायचे. फोटो छान येतो. पण मुलगी पदवीला तीन वर्षं शिकते. पहिल्या वर्षाची फी भरली आणि दुसऱ्या वर्षी कुणी नसलं, तर ती अर्ध्यावर घरी परतते.

जुन्या काळी पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. एकेका घरावरचा भार थोडा होता, पण सातही दिवस भरलेले असत. शिक्षणाच्या मदतीत हे सातही वार भरणं सर्वांत अवघड.

त्यासाठी मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्या शेतकऱ्याकडे बघावं. कितीही ओढाताण असली तरी बियाण्यासाठी राखलेली कणसं तो दळायला काढत नाही. दहा लाखांचा मूळ निधी केला आणि त्यावर वर्षाला सात टक्के व्याज मिळालं, तर सत्तर हजार येतात. सगळे वाटले तर निधी दहा लाखच राहतो, फी मात्र दरवर्षी वाढते, आणि दहा वर्षांत तेच सत्तर हजार तोकडे पडतात. त्याऐवजी चाळीस हजार वाटून तीस हजार निधीत परत टाकले, तर पुढच्या वर्षी निधी दहा लाख तीस हजारांचा होतो. वाटायची रक्कमही हळूहळू चढते. मुलं कमी, पण त्यांना शेवटच्या वर्षापर्यंत नेता येतं. मी या दुसऱ्या वाटेच्या बाजूचा आहे. शंभर मुलांचं एक वर्ष होण्यापेक्षा चार मुलींची पदवी झालेली मला जास्त मोलाची वाटते.

कलावंतांच्या जगात याची उदाहरणं आहेत. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा यांनी 2001 मध्ये रझा फाउंडेशन सुरू केलं, ते त्यांच्या मागेही तरुण कलावंतांना आणि लेखकांना मदत करत आहे. 1888 साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी तरुण चित्रकारांना बेंद्रे-हुसेन शिष्यवृत्ती देते.

> चौकट: चित्र देण्याआधी कागदावर घ्या
>
> चित्र विकायचं की भिंतीवर लावायचं, आणि कितीच्या खाली विकायचं नाही.
>
> छापील प्रती काढायला परवानगी आहे का, असल्यास कशासाठी आणि किती काळ.
>
> आलेली रक्कम लगेच खर्चायची की मूळ निधीत ठेवायची. मूळ निधीसाठी असेल तर देणाऱ्याने तसं लेखी दिलेलं असावं.
>
> चित्र विकलं गेलं नाही तर ते कधी आणि कुणाच्या खर्चाने परत करायचं.
>
> संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, आणि तिचे तपासलेले हिशेब पाहायला मिळतात का.

मुलीचा फोटो नको

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मदतीच्या कार्यक्रमात मंचावर मोठ्या पुठ्ठ्याचा धनादेश हातात देऊन मुलीला उभं करतात, बाजूला चित्रकार, मागे पाहुणे. वर्गातल्या सगळ्यांना कळतं, की हिची फी दुसऱ्याने भरली. चित्राखालच्या टिकलीवर घेणाऱ्याचं नाव नसतं, ते विचारलं तरच सांगतात. शिकणाऱ्या मुलीलाही तेवढा आडोसा द्यावा. फी थेट महाविद्यालयाच्या खात्यात भरावी आणि पावती संस्थेच्या फाइलला लावावी, एवढं पुरे.

चित्रकाराला मात्र वर्षअखेरीस एक पत्र जरूर पाठवा. तुमचं चित्र कितीला गेलं, खर्च किती वजा झाला, त्यातून कितवीची किंवा कुठल्या वर्षाची किती फी भरली, असं चार ओळींचं, नावाशिवाय. आणि पुढच्या वेळी अशा प्रदर्शनात लाल टिकली दिसली, की चित्र घ्या किंवा घेऊ नका, आयोजकांना एवढं नक्की विचारा: मागच्या वर्षीच्या चित्रांवर ज्यांची फी भरली, ती मुलं यंदाही शिकतायत ना?